थंडी सरताना काय बघायचं? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: फेब्रुवारी-मार्चमध्ये रानात जाऊन बघायचं काय? झाडं बोडकी, गवत वाळलेलं, ओढे आटत आलेले. सगळे म्हणतात पावसाळ्यानंतरच जा.

उत्तर: जा, नक्की जा! मला तर हा दीड-दोन महिन्यांचा काळ वर्षातला सगळ्यात आवडता आहे आणि कारण तेच, पानं नसतात. एरवी पानांच्या आड आवाज येतो पण पक्षी काही दिसत नाही, आता तोच पक्षी उघड्या फांदीवर समोर बसलेला असतो, नवीन माणसाला पक्षी ओळखायला शिकायचं तर याच्यासारखा सीझन नाही. पळस, पांगारा, काटेसावर ही झाडं पानं गाळून मग फुलतात, त्यामुळे कोरड्या दिवसांत पानांवाटे जाणारं पाणी वाचतं आणि लाल-केशरी फुलं पक्ष्यांना लांबूनच दिसतात.

माझं एकच सांगणं, पक्ष्यांच्या मागे पळू नका. फुललेली काटेसावर शोधा आणि सकाळी उन्हं चढायच्या आत तिच्यापासून थोडं लांब शांत बसून राहा. तिची फुलं म्हणजे मधाने भरलेल्या जाड वाट्याच, त्यावर मैना, बुलबुल, कोतवाल, हळद्या असे सगळे तुटून पडतात, चोच आत खुपसली की कपाळाला पराग लागतात आणि तेच पुढच्या फुलावर जातात. भोरड्यांचे थवे पण येतात, काळं डोकं आणि गुलाबी अंग, त्यांना पळसमैना म्हणतात ते उगाच नाही. या आपल्याकडच्या हिवाळी पाहुण्या, पिल्लं काढायला मध्य आशियाकडे निघून जातात. आणि वर बघताना खाली पण बघा हं, गळलेली फुलं खायला चितळ, भेकर झाडाखाली येतात, मातीत खुरांचे ठसे सापडतात.

पळसापाशी बसलात तर जांभळ्या शिंजिराचा नर बघाच. विणीचा काळ नसतो तेव्हा तो मादीसारखाच मळकट दिसतो, गळ्यावरून पोटापर्यंत फक्त एक गडद पट्टा, आणि आता हळूहळू पिसं बदलून निळा-जांभळा चमकायला लागतो. मधल्या अवस्थेतला अर्धा मळका अर्धा चमकदार नर दिसला तर फोटो काढून ठेवा, मला तो पूर्ण रंगातल्या नरापेक्षा जास्त आवडतो.

प्रश्न: कोकिळा पहाटे अंधारातच ओरडायला लागते. हिवाळाभर कुठे होती? मोबाईलवर तिचा आवाज लावला तर जवळ येते का?

उत्तर: कुहू कुहू करतो तो नर, काळाभोर, लालभडक डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. बहुतेक कोकीळ कुठेही गेलेले नसतात, हिवाळ्यात गप्प असतात म्हणून आपल्याला वाटतं निघून गेले. विणीचे दिवस जवळ आले की नर हद्द सांगायला आणि मादीला बोलवायला गातो, तेही उजाडायच्या बरंच आधीपासून. मोबाईलवर आवाज लावू नका, प्लीज. त्याला वाटतं दुसरा नर घुसला, मग खाणंपिणं सोडून तो त्या आवाजाच्या मागे लागतो.

प्रश्न: तळ्यावरची बदकं आणि हंस अजून ऊन तापलेलं नसताना जायला कशी लागतात, त्यांना कळतं कसं?

उत्तर: मुख्य इशारा उन्हाचा नाही, दिवसाच्या लांबीचा. डिसेंबरच्या शेवटापासून दिवस वाढत जातो आणि पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर अशा पेशी असतात की कवटीतून झिरपणारा उजेडसुद्धा त्या टिपतात. मग भूक वाढते, अंगावर चरबी साठते, आणि थव्यात चुळबुळ सुरू होते. पट्टकादंब हंस तर तिबेट-मंगोलियाकडे जाताना हिमालय ओलांडतात, ट्रॅकर लावलेल्या एका हंसाची नोंद 7,290 मीटर उंचीवरची आहे! तुमच्या तळ्यावर शेवटचा थवा कुठल्या तारखेला दिसला ते दरवर्षी लिहून ठेवा, ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर टाकलंत तर अभ्यासकांनाही उपयोग होतो.

प्रश्न: घरट्यातून पिल्लू पडलं तर? हात लावला की आई घेत नाही म्हणतात.

उत्तर: असं काही नसतं, माणसाच्या वासामुळे पक्षी पिल्लू टाकत नाहीत. अंगावर पिसं नसतील आणि घरटं हाताशी असेल तर अलगद परत ठेवा. पिसं आलेली असतील, टुणटुण उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय, आईबाप जवळपासच असतात, तुम्ही फक्त मांजर-कुत्र्याला लांब ठेवा आणि स्वतःही लांब व्हा. चोचीत पाणी मात्र अजिबात सोडू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. जखमी असेल तर छिद्रं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवून वनविभागाला किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांना फोन करा.