वाचकांचे प्रश्न : मांजराची जीभ खरखरीत का?

प्रश्न : मांजराने हात चाटला की पॉलिश पेपर घासल्यासारखे वाटते, कुत्र्याची जीभ मात्र मऊ लागते. हा फरक सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो का?

उत्तर : दिसतो, आणि त्यासाठी फार वर्धनाचीही गरज नसते. दोन्ही जिभांच्या छेदात (सूक्ष्मदर्शकासाठी कापलेल्या पातळ कापात) वर स्तरित पट्टकी अभिस्तर, म्हणजे चपट्या पेशींचे अनेक थरांचे आवरण, त्याखाली संयोजी ऊती, म्हणजे आधार देणारी तंतुमय ऊती, आणि त्याहून खाली उभे, आडवे व लांबीच्या दिशेने जाणारे स्नायुतंतू परस्परांत विणलेले, हाच क्रम आढळतो. फरक आहे तो पृष्ठभागावरील सूत्राकार अंकुरकांत, म्हणजे धाग्यासारख्या बारीक उंचवट्यांत. संयोजी ऊतीचा गाभा अभिस्तराला वर ढकलतो आणि अंकुरक तयार होतो. कुत्र्यात त्याची टोके बारीक व लवचीक राहतात, तर मांजरात त्यावर केराटिनचा जाड, घशाकडे वळलेला काटा चढतो. हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगद्रव्यांनी रंगवलेल्या छेदात हा काटा केंद्रकविरहित गुलाबी पट्ट्यासारखा उठून दिसतो. नखे ज्या प्रथिनाची बनतात तेच हे प्रथिन असल्याने मांजर हाडाला चिकटलेले मांस खरवडू शकते आणि अंगावरचे केसही विंचरू शकते. गाईची जीभही खरखरीतच असते, कारण तिला जिभेने गवत ओढून घ्यायचे असते.

या काट्यांचा चवीशी मात्र काहीही संबंध नाही. सूत्राकार अंकुरकांत रुचिकलिका, म्हणजे चव ओळखणारे पेशींचे पुंजके, नसतात. त्या छत्रीच्या आकाराच्या अंकुरकांत आणि जिभेच्या मागील भागातील, भोवती खंदक असलेल्या मोठ्या अंकुरकांत आढळतात. या खंदकाच्या तळाशी पातळ स्राव सोडणाऱ्या ग्रंथींच्या नलिका उघडतात आणि आधीच्या घासाचे अवशेष धुऊन काढतात. असे अंकुरक घोड्यात बहुधा 2, कुत्र्यात 4 ते 6, तर गाईत प्रत्येक बाजूस 8 ते 17 असतात. अर्थात, ही मोजणी अख्ख्या जिभेवरच करावी लागते. एका छेदातील अशा अंकुरकांच्या संख्येवरून प्राणी ओळखू पाहणारा हमखास फसतो.

प्रश्न : कुत्र्याच्या जिभेच्या टोकाजवळील छेदात, खालच्या बाजूस मध्यभागी, आवरण असलेला चरबीचा गोल पुंजका दिसला. ही गाठ समजावी का?

उत्तर : नाही. ही लिसा नावाची नैसर्गिक रचना आहे. तंतुमय आवरणाच्या आत मेद ऊती (चरबी), थोडे स्नायुतंतू आणि क्वचित कूर्चेची, म्हणजे लवचीक, मऊ हाडासारख्या ऊतीची, बेटे असा तिचा ऐवज असतो, आणि गाठीत अपेक्षित असलेली पेशींची बेशिस्त वाढ येथे दिसत नाही. पूर्वी लोक तिला किडा समजत आणि पिसाळण्याचा रोग टळावा म्हणून पिल्लांच्या जिभेतून ती कापून काढत. ‘लिसा’ हा ग्रीक शब्दही पिसाळण्याशीच निगडित आहे. घोड्याच्या छेदात ती शोधू नये; तेथे आधार देणारी कूर्चा जिभेच्या वरच्या पृष्ठभागालगत असते.