वाचकांचे प्रश्न : एडिनबर्गजवळचे जुने गोल्फ मैदान

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून लातूर येथे राहतो. नाशिकला बदलीवर असताना गोल्फ शिकलो. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत सराव पार सुटला आहे. येत्या जूनमध्ये मुलगी व जावई यांच्याकडे एडिनबर्गला महिनाभर राहणार आहे. समुद्रकाठच्या एखाद्या ऐतिहासिक मैदानावर एकदा तरी खेळावे, अशी फार इच्छा आहे. मात्र गोल्फचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या सेंट अँड्र्यूजची फी माझ्या निवृत्तिवेतनाला झेपणारी नाही. सर्वांना खुले असलेले दुसरे एखादे मैदान आहे काय? तेथे कोणती काळजी घ्यावी?
— एक वाचक, लातूर

उत्तर : आहे, आणि आपल्या मुलीच्या गावाला लागूनच आहे. एडिनबर्गच्या पूर्वेस सुमारे १० किलोमीटरवर, फर्थ ऑफ फोर्थ या खाडीच्या काठी मसलबरा नावाचे गाव आहे. तेथील ‘ओल्ड लिंक्स’ हे नऊ होलचे सार्वजनिक मैदान आपण निःशंकपणे निवडावे. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्सही सार्वजनिकच आहे, परंतु हंगामात तेथील एका फेरीला ३०० पौंडांहून अधिक मोजावे लागतात. त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आतच मसलबऱ्याचे नऊ होल खेळून होतात.

इतिहासाच्या बाबतीत हे मैदान कोणापुढे मान खाली घालणारे नाही. एडिनबर्गचे एक वकील सर जॉन फाउलिस यांनी २ मार्च १६७२ रोजी येथे गोल्फमध्ये हरलेले पैसे आपल्या हिशेबवहीत नोंदवले आणि मैदानाच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून आज हीच नोंद दाखवली जाते. (हरलेल्या पैशांचा इतका चोख हिशेब ठेवणारा माणूस एखाद्या सरकारी खात्यात सहज खपला असता.) डिसेंबर १८१० मध्ये येथील क्लबाने गावातील कोळिणींच्या गोल्फ सामन्यासाठी मासळी वाहण्याची नवी पाटी आणि शाल असे बक्षीस ठरवले होते. पुढे १८७४ ते १८८९ या काळात ‘ओपन’ ही ब्रिटनमधील मानाची गोल्फ स्पर्धा येथे सहा वेळा झाली. मैदान नऊच होलचे असल्याने स्पर्धकांना ३६ होलसाठी चार फेऱ्या माराव्या लागत. आपण नाशिकला ज्या सव्वाचार इंच व्यासाच्या होलमध्ये चेंडू घालत होता, ते मापही मसलबऱ्याला १८२९ साली केलेल्या होल पाडण्याच्या अवजाराचे असल्याचे सांगतात. १८९३ मध्ये ते सर्वत्र प्रमाण ठरले.

खेळाविषयी मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण तेथील जमीन आपल्याकडच्या जमिनीच्या अगदी उलट आहे. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला काळ्या रेगूर मातीचे गुण सांगायला नकोत : ती पाणी धरून ठेवते, फुगते, पावसात जोड्याला किलोभर चिकटते आणि एप्रिलमध्ये तिला अशा भेगा पडतात की चेंडू आत गेला तर परत यायचा नाही. ‘लिंक्स’ म्हणजे समुद्र आणि नांगराखालची शेती यांच्यामधला वाळूचा, चढउतारांचा, पिकाला निरुपयोगी पट्टा. त्यात पाणी पटकन मुरते, गवत आखूड व बारीक राहते आणि जमीन टणक असते. त्यामुळे उंच मारलेला चेंडू पडल्या जागी थांबत नाही, उसळून पुढे पळतो. शिवाय समुद्रावरचा वारा त्याला हवेतच भलतीकडे नेतो. म्हणून ग्रीनच्या (होलभोवतीच्या आखूड कापलेल्या हिरवळीच्या) बरेच अलीकडे चेंडू टेकवून तो जमिनीवरून घरंगळत नेण्याचा फटका जाण्यापूर्वी पंधरा-वीस दिवस घोटावा. त्यासाठी गोल्फ मैदानच हवे असे नाही. एखाद्या शाळेचे मुरमाड पटांगण रेगूर शेतापेक्षा या कामाला कितीतरी बरे. सराव सुटला असला तरी नऊ होल मिळून हे मैदान जेमतेम २,९०० यार्डांचे आहे, तेव्हा अंतराची धास्ती बाळगू नये.

क्लबची (गोल्फच्या काठ्यांची) पिशवी विमानाने नेऊ नये. सामानाच्या शुल्कात फीची सारी बचत बुडेल. तेथे भाड्याने क्लब घ्यावेत, आणि जुन्या पद्धतीचे हिकरी लाकडाच्या दांड्याचे मिळत असल्यास तेच घ्यावेत, असे माझे मत आहे. जून असला तरी वारा रोखणारे जाकीट जवळ हवेच. त्या दिवसांत रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे मुलगी व जावई कामावरून परतल्यावर त्यांना घेऊन संध्याकाळीही फेरी मारता येईल.

सेंट अँड्र्यूज पाहायचेच असेल, तर रविवारी जावे. ओल्ड कोर्सवर त्या दिवशी सहसा गोल्फ नसतो आणि लोक तेथे उद्यानासारखे फिरतात. मैदानातल्या स्विल्कन ओढ्यावरच्या दगडी पुलावर उभे राहून छायाचित्र काढायला फी पडत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नये. मसलबऱ्याचे हे मैदान घोड्यांच्या शर्यतींच्या धावपट्टीच्या आत आहे आणि शर्यतीच्या दिवशी गोल्फ बंद असतो. तेव्हा आधी शर्यतींचे वेळापत्रक पाहावे आणि मगच खेळाची वेळ राखून ठेवावी.