शेवटच्या वाक्यातलं 'म्हणजे'

प्रिय,

तुझा अहवाल दोनदा वाचला. भक्षकाच्या विष्ठेतला केस न् केस सूक्ष्मदर्शकाखाली धरून ओळखणं हे डोळे फोडणारं काम, आणि ते तू मन लावून केलं आहेस. पण शेवटचं वाक्य खटकलं. 'सशांमध्ये साथ येऊनही भक्षकाच्या आहारात ससा तेवढाच आहे, म्हणजे साथीचा परिणाम झालेला नाही.' त्या 'म्हणजे'पाशी थांब.

स्पेन-पोर्तुगालमधला इबेरियन लिंक्स हा रानमांजराच्या कुळातला प्राणी घे. तो जवळजवळ सशांवरच जगतो. तिथं 1950च्या दशकात सशांमध्ये मिक्सोमॅटोसिस हा विषाणूचा रोग पसरला आणि 1980च्या दशकाच्या अखेरीस रक्तस्रावी रोग आला. ससे कोसळले. लिंक्स दुसऱ्या कशावर वळला का? फारसा नाहीच. त्याच्या विष्ठेत ससाच सापडत राहिला, कारण ज्याला ससा मिळाला तोच विष्ठा टाकायला उरला. या शतकाच्या सुरुवातीला लिंक्स शंभराच्या आसपास येऊन ठेपले होते. अधिवास तुटणं, शिकार, रस्ते हीही कारणं होती, सगळं खापर रोगावर फोडू नकोस. पण आहाराचा तक्ता स्थिर आणि प्राणी मात्र संपत चाललेला, असं होऊ शकतं एवढं ध्यानात ठेव.

याच्या अगदी उलट ब्रिटनमध्ये घडलं. मिक्सोमॅटोसिस 1953 मध्ये तिथं पोचला आणि दोनेक वर्षांत बहुतेक सगळे ससे मेले. खोकडांनी निमूटपणे उंदरांकडे मोर्चा वळवला. बझर्ड या शिकारी पक्ष्यांच्या अनेक जोड्यांनी पुढच्या हंगामात अंडीच घातली नाहीत. मला सर्वांत मजेशीर वाटते ती स्टोट आणि वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या, लांबट अंगाच्या छोट्या शिकारी चुलतभावांची गोष्ट. स्टोट सशांवर पोसलेला, तो झपाट्यानं घटला. वीझल चिमुकला, उंदरांच्या बिळात शिरणारा. ससे गेल्यावर गवत माजलं, गवतात व्होल नावाचे उंदीर वाढले आणि वीझलचं फावलं. रोग सशाला झाला आणि त्याचा हिशेब गवतामार्गे चुकता झाला! तुझ्या अहवालात गवताची एकही नोंद नाही.

आता तारखांबद्दल. तू चार महिन्यांचे नमुने एकत्र मोजले आहेस. (मीही सुरुवातीला हेच केलं होतं, एक अख्खा हंगाम वाया गेला.) साथ आली की भक्षकाच्या घरी आधी मेजवानी असते, उपास नंतर. मिक्सोमॅटोसिस झालेल्या सशाचे डोळे सुजून बंद होतात, तो उघड्यावर बसून राहतो, कुणीही यावं आणि उचलावं. त्या दिवसांत विष्ठेत ससा वाढलेला दिसेल, नेमका रानात तो मरत असताना. पुढं मढी संपली की घसरण. दोन्हींची सरासरी काढलीस तर 'फरक नाही' असंच उत्तर येणार. शिवाय केसावरून ससा कळतो, तो धावताना पकडला की मेलेला खाल्ला हे कळत नाही.

रोगी भक्ष्य जास्त मारलं जातं, हेही गृहीत न धरता तपासावं लागतं. अमेरिकेतल्या कोलोराडोत प्यूमा या मोठ्या मांजरानं मारलेल्या म्यूल हरणांमध्ये मेंदू पोखरणाऱ्या क्षयकारी रोगाची हरणं होती, ती शिकाऱ्यांनी त्याच भागात टिपलेल्या हरणांपेक्षा जास्त प्रमाणात. तुलनेला शिकाऱ्यांची हरणं होती म्हणून हे कळलं. तुझ्याकडे तुलनेला काय आहे?

आणि आजारी भक्ष्य दरवेळी फुकटचं जेवण नसतं. 1993-94 मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत दुष्काळानं खंगलेल्या, गोचिडांनी लडबडलेल्या म्हशी सिंहांनी भरपूर खाल्ल्या. गोचिडांमधून आलेला बाबेसिया हा रक्तातला परजीवी आणि त्याच वेळची डिस्टेंपर या विषाणूच्या रोगाची साथ एकत्र आली आणि तिथले साधारण एक तृतीयांश सिंह गेले.

तेव्हा नमुने पंधरवड्यांनुसार वेगळे कर. विष्ठा वेचतोस त्याच वाटांवर सशाच्या लेंड्या मोज, मढी दिसली तर तारखेसह टिपून ठेव. भक्षकाच्या पिल्लांचे ठसे पूर्वी जिथं मिळायचे तिथं पुन्हा जा, ते काम तक्त्यापेक्षा महत्त्वाचं. उंदरांची टक्केवारी जशीच्या तशी छापू नकोस. लहान प्राण्याच्या वजनाच्या मानानं केस जास्त असतात, त्यामुळे विष्ठेत त्यांचा वाटा आहे त्याहून मोठा दिसतो.

ते शेवटचं वाक्य खोड आणि अहवाल परत पाठव. लेंड्यांची मोजणी व्हायची असेल तर महिनाभर उशीर चालेल.

तुझा,
मास्तर