श्रद्धा आणि नागरिक म्हणून जबाबदारी या वेगळ्या गोष्टी आहेत का? लहानपणी तुम्ही हे कुठं शिकलात, आणि मुलांना कसं शिकवाल?

मी सोलापूरचा, आणि आमच्याकडं तरी या दोन गोष्टी मला कधी वेगळ्या करता आल्या नाहीत, कारण आमचं ग्रामदैवतच तळं खोदणारं आहे. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, लोकांना सोबत घेऊन त्यांनी तळं बांधलं, गावाभोवती 68 लिंगं स्थापली. हा सगळा कमी पावसाचा मुलूख, इथं पाणी अडवणं हीच मोठी सेवा. आज्जी त्यांच्या गोष्टी सांगायची त्यात चमत्कार असायचेच, पण माती उपसणारी माणसं पण असायची, आणि मला लहानपणापासून तीच जास्त जवळची वाटत आलीत.

संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची जत्रा, भरतो तेव्हा 7 नंदीध्वज निघतात, आम्ही त्यांना काठ्या म्हणतो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र"चा गजर, मंग संमती कट्ट्यावर अक्षता. कुंभाराच्या मुलीनं लग्नाचा हट्ट धरला म्हणून तिचं लग्न सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लावलं, तोच हा सोहळा. गर्दीत शेजारी कुणी कन्नड बोलतं, कुणी तेलुगू, कुणी मराठी, आणि अक्षता सगळेच टाकतात. काठी पेलायला आधी किती दिवस सराव लागतो ते बघितलंय म्हणून सांगतो, नुसत्या भक्तीनं ती उचलत नाही.

आणि त्याच आठवड्यात 12 जानेवारी येते. 1930 मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, आणि 1931 ला या तारखेला येरवड्यात चौघांना फाशी दिली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. शाळेतनं आम्हाला त्यांच्या पुतळ्यांपाशी न्यायचे. नावं एका दमात म्हणायची सवय लागली, कोण कुठल्या जातीधर्माचा हे कुणी वेगळं सांगितलंच नाही, आणि मला वाटतं तेच बरं झालं.

निसर्गाबद्दलच्या जबाबदारीचं म्हणाल तर आमच्या सोलापूरजवळचा नान्नजचा माळ बघा. माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य आहे तिथं, पण आता माळढोक दिसणं जवळपास संपलंय, काळवीट मात्र दिसतात. लोक म्हणतात तिथं काय आहे, नुसतं गवत. अहो ते गवतच त्या पक्ष्याचं घर होतं! झाडं नाहीत म्हणजे पडीक जमीन, हा समज आपल्याकडं फार खोल बसलाय आणि त्यानं माळरानांचं फार नुकसान झालंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मला सगळ्यात टोचतं ते हे, की देवाला हात जोडून झाले की त्याच हातानं निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी पाण्यात टाकायची. ज्यानं तळं बांधलं त्याच्याच तळ्यात! आमच्या गल्लीत आता काही घरं फुलं वेगळी ठेवून झाडांच्या बुडाला टाकतात, सुरुवातीला दोन म्हाताऱ्या बायका नाराज होत्या, देवाच्या फुलांवर पाय पडतो म्हणून. मंग कुंपण घातलं, पाय पडायचा प्रश्न मिटला, आता त्याच सगळ्यांना पिशव्या पाण्यात टाकू नका म्हणून सांगतात.

मुलांचं विचारलंत तर गड्ड्याला न्याच, पण एकदा गर्दी नसताना साध्या दिवशी पण तळ्यावर न्या, पाणी कुठनं येतं, कचरा कुठनं येतो ते त्यांचं त्यांना बघू द्या आणि विचारतील त्याची खरी उत्तरं द्या.