स्टिकरवरचा आकडा आणि ‘सेंद्रिय’ची शहानिशा

प्रश्न : सुपरमार्केटातल्या परदेशी सफरचंदावर ४१३१ असा आकडा होता. मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजप्रमाणे चार आकडी माल फवारणीचा, ९ ने सुरू होणारा पाच आकडी माल सेंद्रिय आणि ८ ने सुरू होणारा जनुकीय बदल केलेला. हे खरं का?
— वाचक, धरमपेठ

उत्तर : यातला फक्त नऊचा भाग धड आहे. या आकड्याला पीएलयू (प्राइस लुक-अप, म्हणजे भाव शोधायचा) क्रमांक म्हणतात. काउंटरवरच्या माणसाने ‘फुजी’ जातीच्या सफरचंदाला ‘गाला’ जातीचा भाव लावू नये, म्हणून १९९० पासून तो वापरात आला. ४१३१ म्हणजे मोठं फुजी सफरचंद, ४१२९ म्हणजे लहान फुजी, ४०११ म्हणजे नेहमीचं पिवळं केळं. वाण आणि आकार कळला की या आकड्याचं काम संपलं. फवारण्या किती झाल्या, कशाच्या झाल्या, हे त्यात कुठेच नसतं. त्याच आकड्यापुढे ९ लागला, म्हणजे ९४१३१ झाला, तर माल सेंद्रिय म्हणून विकला जातोय असं समजा. ८ हा आकडा जनुकीय बदल केलेल्या मालासाठी राखून ठेवला होता खरा, पण दुकानातल्या फळांवर तो आलाच नाही आणि पुढे त्याचा तो अर्थही काढून टाकला गेला. आपल्याकडे लागवडीला परवानगी मिळालेलं असं पीक एकच, २००२ पासूनचा बीटी कापूस. बीटी वांगं २०१० पासून स्थगितच आहे.

हा क्रमांक लावणं ऐच्छिक आहे, हेही लक्षात असू द्या. देशी फळांवर ‘बेस्ट क्वालिटी’, ‘प्रीमियम’ असे जे चकचकीत स्टिकर असतात ते रिळाने विकत मिळतात, त्यांना काडीचा अर्थ नाही. उलट त्यांचा गोंद पोटात जाऊ शकतो म्हणून असे स्टिकर थेट फळावर लावू नयेत, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्येच सांगितलं आहे. स्टिकर काढल्यावर ती जागा चोळून धुवा. चिकटपणा राहिलाच, तर तेवढी साल कापून टाका.

प्रश्न : ‘ऑरगॅनिक’ लिहिलेली पालक-टोमॅटोची पाकिटं दीडपट भावाने घेतो. खरीखोटी कशी ओळखावीत?
— वाचक, मानेवाडा

उत्तर : पाकिटाची पुढची बाजू सोडा, मागची वाचा. सेंद्रिय म्हणून पाकीटबंद विकायच्या मालाला दोनपैकी एका पद्धतीचं प्रमाणपत्र लागतं. पहिली पद्धत एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. तिच्यात स्वतंत्र संस्था शेताची तपासणी करते. अशा पाकिटावर ‘इंडिया ऑरगॅनिक’चं चिन्ह, प्रमाणन संस्थेचं नाव आणि ‘एनपीओपी/एनएबी’ने सुरू होणारा क्रमांक शोधा. मात्र हा क्रमांक प्रमाणन संस्थेचा असतो, शेतकऱ्याचा नव्हे. त्यामुळे एकाच संस्थेकडून प्रमाणित झालेल्या दहा कंपन्यांच्या पाकिटांवर तो सारखाच दिसेल, त्यात लबाडी नाही. दुसरी पद्धत पीजीएस-इंडिया, म्हणजे सहभागातून हमी. हिच्यात गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात. इथे शब्द नीट वाचा : ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ म्हणजे पूर्ण सेंद्रिय, ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणजे जमीन अजून रासायनिककडून सेंद्रियकडे रूपांतराच्या काळात आहे. ग्राहक फसतो तो बहुतेक इथेच, कारण हिरवा रंग बघून समाधान होतं.

या दोन्हींसोबत अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं (एफएसएसएआय) ‘जैविक भारत’ चिन्हही दिसत आलं आहे. २०२५ च्या सुरुवातीला ‘इंडिया ऑरगॅनिक’ आणि ‘जैविक भारत’ मिळून एकच चिन्ह जाहीर झालं. त्यामुळे जुनं दिसलं म्हणून लगेच संशय घेऊ नका. चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक मात्र निव्वळ अन्नव्यवसायाचा परवाना आहे. तो बिस्किटावरही असतो.

‘नॅचरल’, ‘फार्म फ्रेश’, ‘केमिकल फ्री’ हे शब्द प्रमाणपत्राची जागा घेत नाहीत. ‘हायड्रोपोनिक’ म्हणजे मातीविना, पाण्यात विरघळवलेल्या खतांवर वाढवलेली भाजी. ती स्वच्छ असेल, पण म्हणून सेंद्रिय ठरत नाही. ‘रेसिड्यू फ्री’ (फवारणीचा अंश नसलेला) लिहिलं असेल तर कोणत्या लॉटची, कोणत्या प्रयोगशाळेत तपासणी झाली ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर दीडपट भाव कशाला द्यायचा?

शेतकरी स्वतःचा माल थेट तुमच्या हातात देत असेल तर त्या छोट्या उत्पादकाला प्रमाणपत्राची सक्ती नाही. तिथे विश्वास आणि चार प्रश्न एवढंच हाती असतं.

प्रश्न : बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे माल भारतातच पिकला ना?
— वाचक, सक्करदरा

उत्तर : नाही. ८९० एवढंच सांगतं की बारकोड भारतातल्या संस्थेकडून घेतलेला आहे. बाहेरचा किवी इथे पाकीटबंद झाला तरी ८९० येऊ शकतं. मूळ देशाचं नाव पाकिटावर वेगळं छापलेलं असतं, ते बघा.

प्रश्न : जानेवारीत मॉलमध्ये तुकतुकीत, एकसारखी केशरी संत्री मिळाली. लेबल नव्हतं. ही आपली नागपुरीच का? आणि सेंद्रिय म्हणून घेतलेल्या संत्र्यांवर निळसर डाग होते, ते कसले?
— वाचक, प्रतापनगर

उत्तर : आधी हंगाम बघा. नागपुरी संत्र्याची वर्षात दोन पिकं : आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतो, मृग बहार फेब्रुवारीच्या पुढे. मधल्या जानेवारीत पंजाब-राजस्थानकडचा किन्नू (संत्र्यासारखंच फळ) भरपूर येतो आणि सरसकट ‘संत्री’ म्हणून विकला जातो. खात्री सोलताना होते. नागपुरी संत्र्याची साल सैल, देठाजवळ फुगीर, अंगठा घातला की सुटते आणि बिया मोजक्या निघतात. किन्नूची साल फोडींना घट्ट धरून बसते आणि बियांचा नुसता खच.

तुकतुकी बहुधा मेणाची. फळांना मेणाचा थर देण्याची परवानगी आहे, पण तसं पेटीवर लिहायला हवं. दुकानात सुटं मांडलेलं फळ घेताना मूळ खोकं दाखवायला सांगा. रंगावरही जाऊ नका. ऑक्टोबरात रात्री पुरेशा गार नसतात, त्यामुळे आतून तयार झालेलं फळही बाहेरून हिरवट राहतं. इथिलीन वायूने त्याला केशरी करता येतं, पण संत्र्याची गोडी तोडल्यानंतर वाढत नाही. २०१४ साली नागपूर संत्र्याला मिळालेलं भौगोलिक मानांकन मुलूख सांगतं, लागवडीची पद्धत नाही.

निळसर डाग बहुधा बोर्डो मिश्रणाचे. १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि एक किलो चुना घालून एक टक्क्याचं मिश्रण होतं. बुरशीसाठी ते संत्र्याच्या बागेत फवारतात. सेंद्रिय शेतीत तांब्याला पूर्ण बंदी नाही, मर्यादित वापराला मुभा आहे. म्हणून एवढ्या डागावरून फसवणूक झाली असं ठरत नाही. सोलण्याआधी वाहत्या पाण्याखाली फळ चोळून धुवा. डाग सालीवर असला, तरी बोटांना लागून फोडींपर्यंत पोचतो. अशा फळाची साल किसून केकमध्ये किंवा मुरंब्यात घालू नका.