वाचकांचे प्रश्न : तेआहुपोओची लाट आणि आपली तयारी

प्रश्न : प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावरील तेआहुपोओ येथील लाटेची छायाचित्रे पाहिली, तर ती उंचीने पोर्तुगालच्या नाझारेच्या लाटेपुढे ठेंगणीच वाटते. तरीही अनेक अनुभवी सर्फर तिलाच अधिक घाबरतात, ते का?

उत्तर : उंची हे लाटेचे एक माप झाले, ही लाट तिच्या जाडीवरून मोजावी लागते. दक्षिण महासागरातील वादळांनी उठवलेला स्वेल, म्हणजे दुरून चालत येणाऱ्या लाटांची मालिका, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर या काळात ताहितीच्या नैऋत्य बाजूवर येऊन धडकतो. दोन लाटांमध्ये 16 सेकंदांचे अंतर असेल, तर खोल समुद्रात त्यांची लांबी सुमारे 400 मीटर भरते आणि लांबीच्या निम्म्या, म्हणजे 200 मीटर खोलीपासूनच त्यांना तळ जाणवू लागतो. किनारा सावकाश उतरता असेल, तर अशी लाट बरेच अंतर तळाशी घासत येते आणि वाटेत तिचा जोर थोडाथोडा ओसरतो. तेआहुपोओला तशी वाटच नाही. किनाऱ्यापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर प्रवाळभित्ती आहे आणि तिच्या बाहेर तळ एकदम खोल जातो. त्यामुळे लाट जवळजवळ सगळा जोर अंगात घेऊन थेट उथळावर चढते. तिचा पायथा अडतो, माथा मात्र पुढेच धावतो, आणि भित्तीवरचे पाणी ती स्वतःकडे खेचून घेत असल्याने तिचा तळभाग आसपासच्या समुद्रपातळीच्याही खाली जातो. मागून पाहणाऱ्याला पाण्याचा जेमतेम फुगवटा दिसतो आणि समोरून पाहणाऱ्याला भिंत. समुद्राच्या एका घनमीटर पाण्याचे वजन सुमारे 1,025 किलो असते, हे ध्यानात ठेवून त्या कोसळत्या माथ्याकडे पाहावे. खाली प्रवाळावर काही ठिकाणी मीटरभरही पाणी नसते. नाझारेला पडलेल्या माणसाच्या वाट्याला काही सौम्य मरण येत नाही, पण त्याच्या खाली निदान बऱ्यापैकी पाणी असते.

प्रश्न : मी बारा वर्षे सर्फिंग करतो आणि प्रवाळावर फुटणाऱ्या, डोक्याच्या दीडपट उंचीच्या लाटांच्या बॅरलमधून, म्हणजे माथा पुढे वळून होणाऱ्या पोकळीतून, सहज बाहेर येतो. पुढच्या मोसमात तेआहुपोओला जाण्याइतकी माझी तयारी झाली आहे का?

उत्तर : आपण ज्या बॅरलमधून बाहेर आलात त्यांविषयी लिहिले आहे, ज्यांतून बाहेर येता आले नाही त्यांविषयी एक अक्षरही नाही, आणि मला नेमके तेच वाचायचे होते. शेवटच्या क्षणी उठताना बोर्डचे नाक पाण्यात घुसले, तर आपण काय करता? तेआहुपोओला प्रत्येकजण कधी ना कधी पडतो, त्यामुळे आपली तयारी पडण्याच्या सवयीवरूनच ओळखता येईल. येथे सूर मारून लाटेतून आरपार जाण्याचा मोह जीवघेणा ठरतो, कारण ज्या दिशेला सूर मारायचा त्याच दिशेला प्रवाळ असतात. पाय ताठ करून उभे पडणेही तितकेच वाईट. अंग पसरून, शक्य तितके आडवे पडावे, पाण्यात गेल्यावर दोन्ही हातांनी डोके आणि मान झाकावी, आणि तळ चाचपण्यासाठी पाय खाली सोडू नयेत. बोर्ड घेऊन लाटेखालून निसटण्याची नेहमीची युक्तीही येथे सर्वत्र चालत नाही. 2000 साली एका मोठ्या लाटेखालून जाण्याच्या प्रयत्नात एक स्थानिक सर्फर प्रवाळावर आपटून दगावला.

आपण डावा पाय पुढे ठेवता की उजवा, हेही कळवलेले नाही. ही लाट सर्फरच्या डावीकडे फुटत जाते, म्हणजे डावा पाय पुढे ठेवणाऱ्याची पाठ लाटेकडे राहते. 17 ऑगस्ट 2000 रोजी मोठ्या लाटांचा नामवंत सर्फर लेअर्ड हॅमिल्टन तिच्यात शिरला तो असाच, पाठ लाटेकडे करून. त्याचा साथीदार डॅरिक डोर्नर याने त्याला जेट स्कीने ओढून लाटेवर सोडले होते. लाटेची भिंत त्याला मागे आणि वर ओढू लागली, तेव्हा त्याने मागचा उजवा हात लाटेच्या बाजूला न टेकता बोर्डच्या पलीकडच्या अंगाला पाण्यात घातला आणि त्या हाताच्या आधाराने स्वतःला खाली धरून ठेवले. हे चित्रीकरण हाती लागले तर बाकी सारे सोडून तो हात तेवढा पाहावा. त्या क्षणी असे काही करायचे हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते, आणि ते सुचण्यामागे मोठ्या लाटांतली कित्येक वर्षे होती.

तेव्हा जावे, असेच मी म्हणेन, पण पहिले तीन-चार दिवस बोर्ड होडीतच ठेवावा. लाटेच्या टोकाला भित्तीत एक खोल वाट आहे. भित्ती आणि किनारा यांमधल्या सरोवरात साचलेले पाणी तेथून परत बाहेर पडते आणि खोलीमुळे लाट तेथे फुटत नाही. होड्या तेथे उभ्या असतात, आणि लाट इतक्या जवळून जाते की बॅरलमधून सुटलेला तुषारांचा फवारा तोंडावर येतो. तेथे बसून माणसे कोणत्या लाटा घेतात हे पाहण्यापेक्षा कोणत्या सोडून देतात हे पाहावे. स्वेलची दिशा जरा पश्चिमेकडे झुकली, की लाट वाटेच्या अंगाने मोकळी सुटण्याऐवजी पुढच्या उथळ भागावर एकदमच कोसळून मिटते. ती दुरून सुंदर दिसते आणि नवखा नेमका तिच्याच मागे लागतो. लाट निवडण्याची ही समज किती मोलाची असते, हे 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधील सर्फिंगची स्पर्धा येथे झाली तेव्हा दिसले. पुरुषांच्या अंतिम फेरीत समुद्र मंदावला. ताहितीत वाढलेल्या काउली व्हास्टने सुरुवातीच्या चांगल्या लाटा पदरात पाडून घेतल्या, आणि ऑस्ट्रेलियाचा जॅक रॉबिन्सन, जो अशा लाटांत कोणाला हार जाणारा नाही, दुसऱ्या लाटेची वाट पाहतच राहिला.

पहिल्यांदा उतराल तो दिवस लहान लाटांचा असावा, आणि जेट स्कीवर पाणी ओळखणारे कोणी असल्याशिवाय उतरू नये. गावातल्या लोकांची रांग मोडू नये, कारण अडचणीत प्रथम धावून येतात ते हेच होडीवाले. एकदा बोर्ड लाटेवर वळवला की मग मागे घेऊ नये. अर्ध्या मनाने घेतलेली लाट माथ्याबरोबर थेट खाली आपटते. 27 ऑगस्ट 2011 सारखे दिवस, जेव्हा प्रशासनाने होड्यांनाही समुद्रात जाण्यास मनाई केली होती, ते आपल्या हिशेबात धरूच नयेत.

प्रश्न : माझा मित्र तरणतलावात एकटाच श्वास रोखण्याचा सराव करतो आणि त्याआधी भराभर खोल श्वास घेतो. त्याची वेळ खरोखर वाढली आहे. मीही तसेच करावे का?

उत्तर : मुळीच करू नये, आणि मित्रालाही आजच थांबवावे. भराभर श्वास घेतल्याने रक्तातील प्राणवायू फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो, आणि श्वास घेण्याची तगमग त्याच्यामुळे होत असल्याने ती वेळेवर होत नाही. माणूस कोणतीही सूचना न मिळता पाण्याखाली बेशुद्ध होतो. पाण्यातला सराव नेहमी जाणकार जोडीदार लक्ष ठेवून असतानाच करावा.

शिवाय, मोठ्या लाटेखाली मिनिटांचा हिशेब फारसा कामाचा नसतो. 16 सेकंदांच्या अंतराने लाटा येत असतील, तर लागोपाठ दोन लाटांखाली दबून राहणे म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आसपासचा काळ. खुर्चीत बसून तेवढा श्वास कोणीही रोखेल. पण छातीवर आपटून हवा निघून गेलेली असताना आणि हृदय धडधडत असताना तोच काळ फार लांबतो. म्हणून जमिनीवर धावून, जिने चढून, दम लागलेल्या अवस्थेत थोडा वेळ श्वास रोखण्याचा सराव अधिक उपयोगी पडतो. फुगणारे जाकीट जरूर घालावे, मात्र ते फुगल्यावर पुढच्या लाटेखाली बुडी मारता येत नाही आणि फेसाबरोबर आपण भित्तीवरून सरोवराकडे ढकलले जातो, हे आधीच समजून घ्यावे. ते कधी फुगवायचे याचा सराव शांत पाण्यात करावा.

प्रश्न : प्रवाळाने झालेल्या जखमेवर लिंबू चोळतात असे ऐकले. ते योग्य आहे का? आणि हेल्मेट घातले तर लोक हसतील का?

उत्तर : ताहितीत लिंबू चोळतात खरे, आणि ते झोंबतेही चांगलेच, पण झोंबणे म्हणजे जखम स्वच्छ होणे नव्हे. जखमेत प्रवाळाचे बारीक कण राहतात, म्हणून भरपूर स्वच्छ पाणी आणि साबणाने ती नीट घासून धुवावी, दुखले तरी. धनुर्वाताची लस आधीच घेतलेली असावी, आणि लाली पसरू लागली किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. राहता राहिले हेल्मेट. सर्फर कियाला केनेली 2011 साली याच प्रवाळांवर तोंडावर आपटली, चेहऱ्यावर खोल जखम घेऊन बाहेर आली, आणि 2015 साली परत येऊन तिने येथे जी लाट घेतली तिला पुढच्या वर्षी पुरुष सर्फरांच्या लाटांना मागे टाकून सर्वोत्तम बॅरलचा पुरस्कार मिळाला. तेआहुपोओच्या भित्तीतल्या त्या वाटेत होडीत बसलेल्या कोणालाही हेल्मेट पाहून हसू येत नाही.