आबांचा शह, सरांचा चेक

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि आमच्या घरातही एक पट आला. आठ वर्षांची भाची आता शनिवार-रविवार क्लासला जाते, आणि मधल्या पाच दिवसांत माझ्या वडिलांना, म्हणजे तिच्या आबांना, हरवायचा प्रयत्न करते. गेल्या आठवड्यात दोघांचं वाजलं. तिने घोडा पुढे काढून "चेक!" म्हटलं. आबा म्हणाले, "चेक बँकेत. इथे शह म्हणायचं." मग माझ्याकडे दाद मागितली गेली: "मामा, सर चेक म्हणतात, आबा शह म्हणतात. बरोबर कोण? आणि तू बँकेत जो चेक पास करतोस तो हाच का? आणि बाबांचा चेक्सचा शर्ट?"

तिला मी दोन वाक्यांत उत्तर दिलं, ते तिला पुरलं. मला पुरलं नाही, म्हणून हे लांबलेलं उत्तर.

बरोबर दोघेही, कारण दोघे एकच शब्द बोलत होते. फारसीत राजाला 'शाह' म्हणतात. समोरच्याच्या राजावर मोहरा रोखला की खेळणारा मोठ्याने म्हणायचा, "शाह!" म्हणजे 'राजा सांभाळ'. मराठीत तो 'शह' झाला, तो फारसीतून सरळ आपल्या दारात आला. तोच शब्द पश्चिमेकडे निघाला तो अरबांच्या तोंडून युरोपात उतरला, लॅटिनमध्ये 'स्काकस' झाला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाला, आणि इंग्लंडात पोचेपर्यंत पुढचा 'ए' गळून 'चेक' उरला. त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन म्हणजे इंग्रजीतलं 'चेस'. तेव्हा चेस या नावाचा शब्दशः अर्थ 'राजे'. रशियनांनी तर 'शाह' आणि 'मात' दोन्ही एकत्र करून खेळालाच 'शाख्माती' म्हटलं. खेळ इथून गेला तेव्हा त्याचं नाव चतुरंग होतं, हत्ती-घोडे-रथ-पायदळ अशी चार अंगं असलेलं सैन्य. ते नाव फारसीत चत्रंग, अरबीत शतरंज आणि पोर्तुगीजमध्ये 'शद्रेश' होत टिकलं. बाकी बऱ्याच युरोपने मात्र खेळाचं नाव सोडून खेळताना होणारी ओरड तेवढी उचलली.

त्या शाहच्याही मागे जाता येतं. इराणच्या दरायस राजाने बेहिस्तूनच्या कड्यावर लेख कोरवला, त्यात तो स्वतःला 'क्षायथिय' म्हणवतो. शाह हे त्याचंच झिजलेलं रूप. यातली मूळ धातू आणि संस्कृतातली 'क्षि', राज्य करणे, या सख्ख्या बहिणी. क्षत्र, क्षत्रिय ही त्याच घरातली मंडळी. इराणी सुभेदाराला जो शब्द होता तो आपल्याकडे 'क्षत्रप' झाला, आणि नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाचं नाव आजही भिंतीवर वाचता येतं. तेव्हा क्लासमधला 'चेक' आणि आपला 'क्षत्रिय' हे लांबचे का होईना, भाऊबंद आहेत. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली तर शहाजीराजांच्या नावातही हाच शाह.

'मात'बद्दल मात्र अभ्यासकांत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, अरबी 'माता' म्हणजे मेला, तेव्हा शाह मात म्हणजे राजा मेला. दुसरा म्हणतो, फारसीत मात म्हणजे हतबल, कोंडीत सापडलेला. मला दुसरं पटतं, कारण या खेळात राजा कधीच मरत नाही. त्याला उचलून बाजूला ठेवायची वेळच येत नाही, खेळ त्याआधीच संपतो.

आता राजाचा 'तपासणे' कसा झाला? मधली पायरी लक्षात घेतली की गाठ सुटते. शह बसला की डाव तिथेच अडतो. खेळणाऱ्याला दुसरं काही करता येत नाही, आधी राजा वाचवायचा. म्हणून इंग्रजीत चेकचा अर्थ आधी 'अडवणे, लगाम घालणे' असा झाला. आपणही तेच केलंय: "त्याला चांगला शह दिला" म्हणतो तेव्हा पट कुठेही नसतो. निवडणुका आल्या की वर्तमानपत्रांत शह-काटशहाचं राजकारण सुरू होतं. वेग, खर्च, माणूस आवरून धरायचा तर त्यावर कुणीतरी नजर ठेवायला हवी, आणि नजर ठेवता ठेवता सतराव्या शतकाच्या अखेरीस चेक म्हणजे 'पडताळून पाहणे' हा अर्थ रुळला. मराठीने इंग्रजीतून उचलला तो मुख्यतः हा शेवटचा. त्यामुळे होतं काय, की जिथे 'अडवणे' हा जुना अर्थ आहे तिथे आपण गोंधळतो. आमच्या गावाबाहेर ओढ्यावर सिमेंटचा बांध घातला आणि शेजारी पाटी लागली, 'चेक डॅम'. एका म्हाताऱ्याने सरपंचांना सगळ्यांसमोर विचारलं, "बंधारा तर दिसतोय, पण चेक कोण करणार हाय?" तिथे चेक म्हणजे पाणी अडवणे. बंधारा, नाला बांध असे अस्सल शब्द असताना त्या पाटीचं कारणच नव्हतं, म्हाताऱ्याचा प्रश्न रास्त होता. क्रिकेटमधला 'चेक्ड ड्राइव्ह'ही याच अर्थाचा: बॅट पूर्ण न फिरवता मध्येच आवरलेला फटका.

दोन्ही अर्थ एका जागी नांदताना पाहायचे तर मुलुंडचा चेकनाका. गाडी अडवायची आणि तपासायची, दोन्ही. २०१७ मध्ये मुंबईतली जकात गेली, तरी रिक्षात बसून 'चेकनाका' एवढं म्हटलं की अजून पुरतं.

शर्टाची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. खेळाच्या नावावरून पटाचं नाव पडलं, पटावर काळे-पांढरे चौकोन, म्हणून तसे चौकोन असलेलं कापड ते 'चेक्स'. आपण पूर्वी त्याला चौकडीचं कापड म्हणायचो, अजूनही लुंगीला चौकडीचीच म्हणतात. गंमत म्हणजे पोर्तुगीजांनीही हेच केलं. त्यांच्या 'शद्रेश'चे अर्थ दोन: बुद्धिबळ आणि चौकडीची वीण.

आणि या कापडावरूनच मी बँकेत पोचतो. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजायला एक मोठं मेज असे, सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. त्यावर काळं कापड पसरायचं, कापडावर रेघा. रेघांमधल्या घरांत चकत्या मांडून पौंड, शिलिंग, पेन्स मोजायचे. घर बदललं की चकतीची किंमत बदलली. समोर बसलेल्या अधिकाऱ्याला लिहिता-वाचता आलं नाही तरी आपलं देणं किती निघालं ते डोळ्यांनी दिसायचं. बघणाऱ्याला हा बुद्धिबळाचा पट वाटला, म्हणून त्या खात्याचं नावच पटावरून पडलं: 'एक्स्चेकर'. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चान्सलर ऑफ द एक्स्चेकर', म्हणजे शब्दशः बघितलं तर पटावरचा कारभारी. याच खात्यात पैसे भरल्याची पावती म्हणून लाकडाची खाचा पाडलेली काठी उभी चिरून अर्धी देणाऱ्याला, अर्धी सरकारकडे ठेवायची पद्धत होती. दोन्ही अर्ध्या जुळल्या तर हिशेब खरा. या 'टॅली' काठ्यांचे ढीग जाळताना १८३४ मध्ये ब्रिटिश संसदेचा वाडा पेटला. (टॅली आणि आपला ताळा यांचा आवाज जुळतो, अर्थही जुळतो, पण भुलू नका. टॅली लॅटिनमधल्या काठीच्या शब्दावरून आलाय.)

बँकेचा चेक म्हणजे त्या चिरलेल्या काठीचाच कागदी अवतार. अठराव्या शतकात 'चेक' हे नाव आधी होतं ते कागद फाडून दिल्यावर बँकेकडे उरणाऱ्या अर्ध्या तुकड्याला, ज्याच्याशी जुळवून खरं-खोटं ताडता यायचं त्याला. मग नाव त्या तुकड्यावरून सरकून ज्यावर पैसे मिळतात त्या कागदालाच लागलं. इंग्रजांनी पुढे त्याचं स्पेलिंग एक्स्चेकरच्या वळणावर नेऊन क्यू-यू-ई लावलं. अमेरिकनांनी सोपं केलं असं लोक म्हणतात, तसं नाही. अमेरिकन स्पेलिंगच जुनं आहे, शोभेची शेपटी इंग्रजांनी चिकटवली, आणि आपल्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्यात, तीच आली.

चेक हा अरबी 'सक्क'वरून आला असं सांगणारा मजकूर मोबाइलवर फिरत असतो. सक्क म्हणजे लेखी दस्त, मूळ फारसी 'चक'. आवाज फसवा जुळतो, पण इंग्रजी कागदपत्रांत आधी तो उरणारा तुकडा दिसतो आणि मग पैशांचा कागद. दस्तापासून सुरुवात झाली असती तर हा क्रम असा पडला नसता.

माझ्या टेबलावर चेक येतो तेव्हा मी तारीख बघतो, अक्षरी आणि अंकी रक्कम जुळते का बघतो, खाडाखोड आहे का ते बघतो, मग पडद्यावर नमुना सही काढून खालच्या सहीशी ताडतो. म्हणजे चेक चेक करतो. या वाक्याला मराठी करायचं तर 'धनादेश तपासतो' असं होईल. धनादेश चांगला घडवलेला शब्द आहे, पण काउंटरवर मी तो ऐकल्याचं आठवत नाही. याउलट लोक म्हणतात, "साहेब, चेक वटला का?" हे वटणं हुंडीचं आहे. पेढीवरच्या हुंड्या गेल्या, त्यांचं क्रियापद चेकने घेतलं. मला ही सोयरीक धनादेशापेक्षा जास्त मराठी वाटते. न वटलेल्या चेकसाठी 'बाउन्स' आला खरा, आणि त्याच १८८१ च्या कायद्यातल्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो हे कळलं की माणूस कुठल्याही भाषेत बोलायला लागतो.

'चेक करणे'ला मात्र माझा आक्षेप आहे, तो शब्द परका म्हणून नाही, आळशी म्हणून. दुधाची चव घेऊन बघतात, आमटीचं मीठ चाखतात, ताप हात लावून बघतात, आंबा चाचपतात, बातमीची खातरजमा करतात, बेरजेचा ताळा करतात, वही तपासतात, सोनं कसाला लावतात. या सगळ्यांच्या जागी एक 'चेक कर' बसवला की काम होतं, पण हात काय करतोय ते दिसेनासं होतं. अमेरिकेतली माझी बहीण तर हॉटेलात बिलालाही चेक म्हणते, कारण तिथे तेच म्हणतात. तिच्या नवऱ्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खिशात चेकबुक शोधलं होतं म्हणे.

भाचीने जाता जाता चौथा प्रश्न टाकला, चेक प्रजासत्ताकाचा. तो चेक आपल्या या घराण्यातला नव्हे. ते तिथल्या लोकांचं स्वतःचं नाव आहे, इंग्रजीत पोलिश स्पेलिंगने आलेलं. इंग्रजीत हे तीन चेक तीन तऱ्हांनी लिहितात, देवनागरीत मात्र तिघे एकाच अंगरख्यात येतात, म्हणून गल्लत होते.

राहिला आबा आणि सरांचा तंटा. मी बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम काढून दोघांना दाखवले. राजावर मोहरा रोखल्यावर तोंडाने काहीही म्हणायची सक्ती त्यात नाही. भाचीने ते वाचलं, पुढच्या डावात गुपचूप उंट सरकवला, आणि आबांना तीन मिनिटं कळलंच नाही की त्यांना शह बसलाय.